दुसरं कुलूप

डॉइल हॅम्रिकच्या मनगटात हातकडी घालायला मिळावी म्हणून मी बत्तीस वर्षं वाट पाहिली, आणि शेवटी त्यानेच पाठ वळवून दोन्ही हात माझ्यापुढे केले. मला काही शक्कल लढवावी लागली नाही. मी आपली काचेच्या कपाटांपाशी कडी घेऊन उभी होते.

हॅम्रिक म्हणजे आमच्या काउंटीचा माजी शेरीफ, लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख. मी ओडेसा प्रुइट, वय एकाहत्तर. आमच्या गावचा जुना तुरुंग आता संग्रहालय झालाय, त्याची देखभाल मी करते. झाडणं, पुसणं, तिकिटं देणं, आणि महिन्यातून एकदा पांढरे सुती हातमोजे घालून कपाटातल्या बेड्यांना तेल लावणं. अलाबामाच्या दमट हवेत लोखंड लगेच गंजतं. माझ्या पणजोबांच्या पायात जसली बेडी होती तसली बेडी मी तेल लावून जपते, याचं मला कधी हसू येतं आणि कधी अंगाचा तिळपापड होतो. ते त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांवर अवलंबून असतं.

पहिल्या कपाटात माणसं विकायच्या काळातलं लोखंड आहे. दोघादोघांना एकाच साखळीत ओवून माँटगोमेरीच्या बाजारातून इथवर चालवत आणायचे, ती साखळी. तिच्यात मनगटाची एक कडी अशी आहे की माझी तीन बोटं जेमतेम आत जातात. लोक विचारतात, ही कशासाठी? मी उत्तर देत नाही. त्यांचं त्यांना कळेपर्यंत नुसती उभी राहते. दुसऱ्या कपाटात स्वातंत्र्यानंतरच्या बेड्या आहेत. काळा माणूस रस्त्यात नुसता उभा दिसला की त्याला 'रिकामटेकडा' म्हणून पकडायचं आणि कोळशाच्या खाणीला भाड्याने द्यायचं, असा तेव्हाचा कायदा होता. लोहार येऊन पायात खिळा ठोकून जायचा. पणजोबा त्या खाणीत अकरा महिने होते. तिसऱ्या कपाटात रस्त्यावर खडी फोडणाऱ्या कैद्यांच्या साखळ्या, आणि चौथ्यात पोलिसांच्या हातकड्या, चकचकीत, आतून दात असलेल्या.

मिसेस फाउंटन, म्हणजे आमच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षबाई, पाहुण्यांना ही कपाटं दाखवताना 'सुधारणा' हा शब्द वापरतात. मी त्यांना तेल लावणारी बाई, मला ती सुधारणा दिसत नाही. जुनं लोखंड निदान जिथे ठोकलं तिथे राहायचं. ही दातांची कडी घातल्यावरही पुढे सरकते. माणूस जरा टेकला, जरा दाब आला की खट, एक दात पुढे. मागे मात्र येत नाही. म्हणून तिच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक ठेवलेलं असतं. किल्लीच्या टोकाने आतला खिळा दाबला की दात अडकतात, मग कडी सैलही होत नाही आणि घट्टही होत नाही. पोलीस त्याला दुसरं कुलूप म्हणतात. ते लावायला दोन सेकंद लागतात.

माझ्या भावाला कडी घातली तेव्हा हॅम्रिकने ते दोन सेकंद दिले नाहीत.

आमचा थिओटिस माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. रेल्वे फाटकापाशी त्याचं केशकर्तनालय होतं. वस्तऱ्याने दाढी करावी तर त्यानेच. तीन काउंट्यांमधली माणसं लग्नाआधी त्याच्याकडे यायची आणि मेल्यावर त्याच्याकडेच आणली जायची, कारण आमच्यात माणसाला शवपेटीत ठेवण्याआधी नीट दाढी करून, केस कापून ठेवतात. थिओ मेलेल्या माणसाशीही बोलत बोलत दाढी करायचा. 'मान जरा इकडे, मिस्टर अ‍ॅम्ब्रोज,' असं. दारूला त्याने जन्मात हात लावला नाही.

बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टमध्ये, भर उन्हाळ्यात, हॅम्रिक साधा डेप्युटी होता, शेरीफच्या हाताखालचा पोलीस. गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून त्याने थिओला थांबवलं, मग म्हणाला, पेट्रोल पंप लुटणारा तुझ्यासारखाच दिसतो. हात मागे बांधून त्याला आपल्या गाडीत बसवलं, खिडक्या बंद केल्या, आणि स्वतः पशुखाद्याच्या दुकानात जेवायला आणि गप्पा मारायला बसला. दोन तास चाळीस मिनिटं. सीटच्या पाठीला टेकलं की कडी सरकायची. थिओने मोजलं. उजव्या हाताची सात वेळा सरकली. संध्याकाळी 'चूक झाली, जा घरी' म्हणून सोडून दिलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं त्या दिवशी बधिर झाली ती कायमची. अंगठ्याच्या बुडाशी मांस असतं ना, ते वर्षभरात झिजून खड्डा पडला.

आम्ही कोर्टात गेलो. हॅम्रिकने बायबलवर हात ठेवून सांगितलं की मी दुसरं कुलूप लावलं होतं, मी ते नेहमी लावतो. वर असंही म्हणाला की कडी घट्ट होतेय की नाही हे जिच्या-ज्याच्या हातात असते त्याला कळतच नाही, या सगळ्यांना नुसते भास होतात, हा पिऊन हातावर झोपला असेल. त्याच्या वकिलाने थिओला विचारलं, "हात पाठीमागे होते ना? मग मोजलंस कशाने?" थिओ म्हणाला, "मनगटाने." ज्युरीतले लोक हसले. मिसेस फाउंटन त्या ज्युरीत होत्या, तेव्हा त्या तरुण होत्या आणि त्यांनी पिवळा पोशाख घातला होता. चाळीस मिनिटांत ज्युरीने आमचा दावा फेटाळून आम्हाला वाटेला लावलं.

दोन वर्षांनी आमचे वडील गेले. त्यांची दाढी करायला थिओने वस्तरा घेतला आणि तो त्याच्या बोटांतून वडिलांच्या छातीवर पडला. तीनदा उचलला, तीनदा पडला. शेवटी सेल्माहून परका न्हावी आणावा लागला, त्याने हनुवटीवर कापलं आणि वरून पावडर थापली. वडील तसेच गेले. थिओने दुकान विकलं आणि चर्चची कामं बघणारा डीकन झाला, डाव्या हाताने लिहायला शिकला, डाव्या हाताने जेवायला शिकला. त्याने त्या माणसाला माफ केलं असं तो म्हणायचा. मी केलं नाही, आणि तसं कधी म्हटलंही नाही.

आणि हॅम्रिक? तो शेरीफ झाला, पाच वेळा निवडून आला. रस्त्यात थिओ दिसला की गाडी हळू करायचा आणि काच खाली करून विचारायचा, "काय रे सात, बरं चाललंय ना?" गावातली गोरी पोरं थिओ जाताना जिभेने टाळूवर खट् खट् आवाज काढायची. माझ्या भावाचं नाव बत्तीस वर्षं 'सात' होतं.

तर यंदाच्या वसंतात हॅम्रिकने आपली जुनी हातकडी संग्रहालयाला भेट दिली. मिसेस फाउंटन हरखल्या. म्हणाल्या, "ओडेसा, शनिवारी सकाळी छोटा कार्यक्रम ठेवू. शेरीफ बोलतील, प्रात्यक्षिक दाखवतील. कॅमेरा लावू. तुझी काही हरकत नाही ना? म्हणजे, ते जुनं प्रकरण..."

"जुन्याच वस्तूंचा पगार घेते मी, मिसेस फाउंटन," मी म्हटलं.

कडी माझ्याकडे आठवडाभर आधी आली. मी तिला तेल लावलं. मग रोज संध्याकाळी घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला घालायची, काढायची, घालायची, काढायची. दुसरं कुलूप न लावता कडी किती दाबल्यावर सरकते हे मी बोटांनी पाठ केलं. कार्यक्रमात ती कोणाच्या हातात घातली जाणार ते मला माहीत नव्हतं, पण कडी आणि किल्ली आणून देणार मी, एवढं नक्की होतं. थिओला मी यातलं काही सांगितलं नाही. "ये, पाउंड केक केलाय," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही." मी म्हटलं, "मग केककडे बघ."

शनिवारी पंचवीस-तीस माणसं आली. निम्मी इतिहास मंडळाची, निम्मी आमच्या चर्चची. गार गोड चहा, चीजचे छोटे सँडविच, माझा केक. आमचे रेव्हरंड स्टॅलवर्थ पुढच्या रांगेत बसले. भला माणूस, मोबीलहून आठ वर्षांपूर्वी आलेला, त्यामुळे जुनं फारसं ठाऊक नाही. थिओ शेवटच्या रांगेत दाराशी बसला, उजवा हात नेहमीसारखा कोटाच्या खिशात.

हॅम्रिक आता पासष्टचा. पोट सुटलंय, पण आवाज तोच. येताना त्याने थिओला पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "अरे वा, सातसुद्धा आलाय." दोघंतिघं हसली. थिओने मान हलवली.

मग तो बोलला. साखळ्या, खाणी, खडी फोडणारे कैदी, सगळं त्याने दोन मिनिटांत उरकलं आणि आपल्या हातकडीवर आला. "लोकांना वाटतं हे फार क्रूर असतं. अजिबात नाही. शांत बसणाऱ्याला काही होत नाही. दुखतं ते आडदांडपणा करणाऱ्याला. आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी एकमेकांना घालायला लावायचे, कळावं म्हणून. दाखवतो." त्याने कोट काढला, पाठ वळवली आणि हात मागे केले. "ओडेसा, घाल तू. घाबरू नको, चावत नाही ती."

लोक हसले. मीही हसले.

त्याची मनगटं जाड आणि लालसर होती. मी कडी घातली, एक बोट आत जाईल इतकी जागा ठेवली, अगदी नियमाप्रमाणे. "आणि मग दुसरं कुलूप," तो समोर बघत लोकांना सांगत होता, "हे कधी विसरायचं नाही. मी तीस वर्षांत एकदाही विसरलो नाही." ते ज्याने घातली त्याने लावायचं असतं. त्याने गृहीत धरलं की सांगितलं म्हणजे लागलं. मी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

"आता गाडीत बसल्यासारखा बसतो," असं म्हणून तो तुरुंगाच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसला आणि ऐसपैस मागे टेकला. खट. पहिल्या रांगेला ऐकू आला नसेल, मला आला. "बघा, किती आरामात बसलोय." तो हसून जरा सरकला. खट. त्याने वाक्य मध्येच थांबवलं, पुन्हा सुरू केलं, आणि पाठ सोडवायला पुढे वाकताना कोपर खुर्चीच्या दांडीवर दाबलं गेलं. खट.

"ओडेसा," तो हळू आवाजात म्हणाला, "तू दुसरं कुलूप लावलं नाहीस."

"लावलं की, शेरीफ."

"नाही लावलंस."

"तुमच्या पाठीमागे आहे. तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? कळतंय मला. घट्ट होतेय."

"भास असेल."

"भास कसला डोंबलाचा? उजवीकडची सरकतेय, मी सांगतोय ना."

"किती वेळा सरकली?"

"तीन," तो म्हणाला.

तो आकडा त्याच्या तोंडातून गेला. आधी आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांना कळलं. मिस लुव्हिनिया म्हणून आमची एक बाई आहे, तिने हातातली बशी मांडीवर ठेवली. मग गोऱ्या लोकांमध्ये एकेकाची मान वळायला लागली, हॅम्रिककडून माझ्याकडे, माझ्याकडून दाराकडे. हॅम्रिकला सगळ्यांच्या शेवटी कळलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी डोळे भरून पाहिलं. मला खूप बरं वाटलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

"मोजलं कशाने, शेरीफ?" मी विचारलं.

तो खाडकन उठला. उठताना हात खुर्चीच्या पाठीला आपटला आणि चौथा दात गेला. मग मात्र तो जागच्या जागी थिजला. त्याला पक्कं माहीत होतं की हललं तर काय होतं. खांदे पुढे काढून, मान खाली घालून तो तसाच उभा राहिला.

"ओडेसा, किल्ली दे," मिसेस फाउंटन उठून म्हणाल्या. 

"ज्याच्या हातात कडी असते त्याला कळत नाही ना, मिसेस फाउंटन? तुम्ही चाळीस मिनिटांत मान्य केलं होतं. मग त्यांना काही होत नसणार. चहा घ्या."

त्या परत बसल्या. चहा घेतला नाही.

"हा हल्ला आहे," हॅम्रिक म्हणाला. "मी तक्रार करीन. तुला कोर्टात खेचीन, ओडेसा."

"खेचा की. कॅमेरा चालूच आहे. बायबलवर हात ठेवा आणि सांगा की या बाईने दुसरं कुलूप लावलं नाही, आणि ते मला मनगटाने कळलं. सांगाल? तुमचा हात तोवर बरा होईल, शपथ घ्यायला लागेल तो."

त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं.  त्याची बोटं वांग्याच्या रंगाची व्हायला लागली होती. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला तरी तो पुसता येत नव्हता.

रेव्हरंड माझ्याजवळ आले. "मिस ओडेसा, पुरे आता. तुम्हाला हवं ते त्यांनी म्हटलंय."

"चारच झालेत, रेव्हरंड. तीन बाकी आहेत. आणि दोन तास एकतीस मिनिटं."

"हे ख्रिस्ताच्या घरातल्या बाईला शोभत नाही."

"मी आत्ता त्या घरात नाही. तुरुंगात आहे."

ते माझ्याशी वाद घालत बसले नाहीत, शहाणे आहेत. शेवटच्या रांगेकडे वळून म्हणाले, "डीकन प्रुइट, तुम्ही सांगा यांना. यांनी कोणाचं ऐकलं तर तुमचंच ऐकतील."

सगळी खोली थिओकडे वळली. मला धडकी भरली ती तेव्हा. कारण थिओने 'सोड ताई' म्हटलं असतं तर मी सोडलं असतं, आणि मग उरलेलं आयुष्य त्याच्यावर चिडून काढलं असतं. तो उठला. मधल्या वाटेने सावकाश पुढे आला, खाली बघत, प्रार्थनेला निघाल्यासारखा. माझ्यापुढे उभं राहून त्याने डावा हात पसरला. मी किल्ली त्यावर ठेवली. माझे डोळे भरून आले, रागाने. मिसेस फाउंटननी सुटकेचा श्वास सोडला आणि रेव्हरंड 'आमेन' म्हणाले.

"थँक्यू, मिस्टर प्रुइट," हॅम्रिक म्हणाला. त्याच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. "तू भला माणूस आहेस. मी नेहमी म्हणायचो."

थिओ त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. माझा भाऊ डाव्या हाताने सुईत दोरा ओवतो. चर्चची सगळी कुलपं तो डाव्या हाताने उघडतो, अंधारातसुद्धा. त्याने उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला. तो वाळका अंगठा पुष्कळांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला असेल. मग त्याने किल्ली डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, त्या दोन बधिर बोटांच्या बेचक्यात कशीबशी बसवली, आणि डाव्या हाताने कडी घट्ट धरून किल्लीचं भोक शोधायला लागला.

किल्ली घसरली आणि फरशीवर पडली. थिओ वाकला, उजव्या हाताने ती चिमटीत येईना, तरी उजव्यानेच उचलली. पुन्हा लावली. ती भोकाच्या कडेला लागून फिरली आणि कडीवर दाब आला. खट.

हॅम्रिक कळवळला. "मिस्टर प्रुइट, सर, प्लीज. दुसऱ्या कोणाला तरी द्या ती. ओडेसाला द्या."

"घाई करू नका, शेरीफ," थिओ म्हणाला. त्याचा आवाज अगदी दाढी करताना असायचा तसा मऊ होता. "हलू नका. उघडतो मी. मला या हाताने जरा वेळ लागतो."

किल्ली पुन्हा पडली. रेव्हरंड उचलायला पुढे झाले, तर थिओने मान वर न करता त्यांना 'राहू द्या' म्हटलं, आणि तो गुडघे टेकून त्या उजव्या हाताने फरशीवर किल्ली चाचपायला लागला.